टाकी घराची, पाणी गावाचे

लहान वस्तीतल्या घरगुती सेप्टिक टँक सुधारण्यासाठी सरकारी निधी मंजूर झाला की त्याची बातमी एका आकड्याभोवती फिरते. इतक्या घरांना नव्या टाक्या मिळणार, इतका खर्च होणार. आठ-दहा वर्षांनी त्या टाक्यांची अवस्था काय आहे, त्यांतला गाळ शेवटचा कधी उपसला, उपसून कुठे नेला, वस्तीतल्या विहिरींचे पाणी आधीपेक्षा चांगले झाले का, हे आकडे सहसा छापून येत नाहीत, कारण बहुतेक वेळा ते कोणी मोजलेलेच नसतात. या कामावर सार्वजनिक पैसा खर्च व्हायलाच हवा असे माझे ठाम मत आहे. आज होतो त्याहून जास्त व्हायला हवा. पण टाकी बांधून दिली आणि सरकार मोकळे झाले, या पद्धतीने तो खर्च होत असेल तर त्यातला मोठा वाटा काही वर्षांत वाया जातो. या पैशातून टाकीच्या आयुष्यभराची देखभाल विकत घेतली पाहिजे, आणि ती देखभाल पाणीपुरवठ्यासारखीच स्थानिक संस्थेची कायमची जबाबदारी असली पाहिजे.

टाकीत काय घडते हे पाहिले की असे का म्हणतो ते लक्षात येईल. घरातले सांडपाणी टाकीत एक-दोन दिवस थांबते. जड भाग तळाला बसतो, तेलकट भागाचा तवंग वर जमतो. हवेशिवाय जगणारे जिवाणू तळातल्या गाळाचा काही भाग पचवतात, सगळा नाही. मधल्या थरातले पाणी पुढच्या नळीतून बाहेर पडते. ते बऱ्यापैकी निवळ दिसले तरी त्यात रोगजंतू भरपूर असतात आणि नत्राचा बहुतेक अंश तसाच शिल्लक असतो. खरी स्वच्छता होते ती त्यापुढे, शोषखड्ड्याभोवतीच्या किंवा छिद्रांच्या नळ्यांखालच्या मातीत. खड्ड्याचा तळ आणि भूजलाची पातळी यांच्यामध्ये हवा खेळणारा मातीचा कोरडा थर पुरेसा जाड असेल तर जंतू त्यात अडकतात आणि मरतात. थोडक्यात, टाकी हा या व्यवस्थेचा अर्धाच भाग आहे. उरलेला अर्धा भाग म्हणजे पायाखालची जमीन.

गाळ वेळेवर उपसला नाही तर काय होते? तळातला थर वाढत जातो, पाण्याला थांबायला जागा उरत नाही, आणि न निवळलेला मैला पाण्याबरोबर शोषखड्ड्याकडे वाहू लागतो. मातीची छिद्रे बुजतात. पाणी मुरेनासे होते, अंगणात वर येते किंवा शौचालयाच्या भांड्यात उलटे चढते. एकदा माती अशी बुजली की ती पूर्ववत करणे फार अवघड असते. बहुधा दुसरीकडे नवा खड्डा खणावा लागतो आणि लहान जागेत दुसरीकडे म्हणण्यासारखी जागाच नसते. दोन-तीन वर्षांतून एकदा गाडी बोलावून गाळ उपसण्याचा खर्च टाळल्यामुळे संपूर्ण व्यवस्था निकामी होते, आणि मग ती नव्याने बांधण्यासाठी पुन्हा सरकारकडे हात पसरले जातात. बाजारात मिळणाऱ्या जिवाणूंच्या पुड्या टाकीत टाकल्या की उपसण्याची गरज उरत नाही, हा समज तर मनातून काढूनच टाकला पाहिजे.

याहून मोठा गैरसमज आणखी एक आहे. ‘आमची टाकी वीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही’ असे सांगणारी माणसे सर्वत्र भेटतात आणि ते अभिमानाने सांगतात. वीस वर्षे न भरणारी टाकी चांगली बांधलेली नसते, ती गळकी असते. तिला तळ नसतो, किंवा भिंतींना गिलावा नसतो, किंवा तिची नळी थेट गटारात, ओढ्यात सोडलेली असते. घरमालकाच्या दृष्टीने ती उत्तम चालली आहे. शेजारच्या विहिरीच्या दृष्टीने ती रोज थोडे थोडे विष सोडते आहे. सगळा प्रश्न इथे आहे. टाकी नादुरुस्त असण्याची झळ टाकीच्या मालकाला लागत नाही, ती उताराच्या खालच्या बाजूला राहणाऱ्याला लागते. त्यामुळे ज्याने खर्च करायचा त्याला खर्च करण्याचे कारण दिसत नाही, आणि ज्याला कारण दिसते त्याच्या हाती टाकीचे झाकण नसते. अशा ठिकाणी ‘ज्याची टाकी त्याने पाहावे’ हे तत्त्व कितीही न्याय्य वाटले तरी त्यातून स्वच्छ पाणी मिळत नाही.

विरोध करणारे इथेच अडवतात. खासगी घरातल्या खासगी टाकीवर इतरांच्या कराचा पैसा का? प्रश्न रास्त आहे आणि त्याला टाळून पुढे जाणे बरोबर नाही. पण मोठ्या शहरात राहणाऱ्या माणसाच्या घरातून मैला बाहेर पडला की तो सार्वजनिक नळीत जातो, सार्वजनिक पंपाने उचलला जातो, सार्वजनिक केंद्रात त्याच्यावर प्रक्रिया होते. त्या सगळ्या बांधकामाचा पूर्ण खर्च त्याच्या बिलातून क्वचितच वसूल होतो. त्याच्या घरातला मैला उंबरठा ओलांडताच सार्वजनिक प्रश्न ठरतो, आणि विखुरलेल्या वस्तीतल्या माणसाचा मैला मात्र कायम त्याचा खासगी प्रश्न राहतो. दोघेही कर भरतात. हा भेद कोणत्या न्यायाने करायचा?

मग तिथेही भूमिगत गटारे टाकावीत, असे सुचवले जाते. दाट वस्तीत ते ठीक आहे. पण अशा योजनेच्या खर्चात नळ्यांचा वाटा सर्वांत मोठा असतो, आणि घरे जितकी लांब लांब तितकी प्रत्येक घरामागे नळी जास्त. नळीतून मैला वाहून जायला पुरेसे पाणीही लागते. काही शे घरांच्या वस्तीत अशी योजना उभी राहिली तरी तिचे विजेचे बिल आणि दुरुस्ती त्या वस्तीच्या उत्पन्नात बसत नाही. म्हणून सेप्टिक टँकला गटारे येईपर्यंतची तात्पुरती सोय समजणे सोडून द्यायला हवे. भारताच्या २०११च्या जनगणनेत शहरी कुटुंबांपैकी ३८.२ टक्के कुटुंबांची शौचालये सेप्टिक टँकला जोडलेली होती आणि ३२.७ टक्के भूमिगत गटारांना. शहरांची ही स्थिती, मग लहान गावांत टाकी हीच कायमची व्यवस्था असणार हे उघड आहे. अमेरिकेतही पाचांपैकी सुमारे एक घर अशाच व्यवस्थेवर चालते. कायमची व्यवस्था म्हटली की तिला कायमचा कारभार लागतो.

तो कारभार नसला तर काय होते याचे मला सर्वांत अस्वस्थ करणारे उदाहरण अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातले आहे. तिथल्या लाउंड्स काउंटीची जमीन काळी, चिकण, पाणी धरून ठेवणारी. साधी टाकी आणि शोषखड्डा तिथे नीट चालतच नाही. मातीचा भराव घालून उंचावर बांधलेली, पंपाची व्यवस्था लागते आणि तिचा खर्च तिथल्या गरीब, बहुसंख्य कृष्णवर्णीय कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचा. त्यामुळे कित्येक घरांचा मैला एका उघड्या नळीतून थेट परसात पडत राहिला. राज्याचा कायदा मात्र सांगत होता की मान्यताप्राप्त व्यवस्था नसणे हा गुन्हा आहे. ज्यांना ती परवडत नव्हती त्यांच्यावर खटल्याची टांगती तलवार ठेवली गेली. तिथल्याच कार्यकर्त्या कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स यांनी हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. संयुक्त राष्ट्रांचे दारिद्र्यविषयक विशेष प्रतिवेदक फिलिप ऑल्स्टन २०१७च्या डिसेंबरात तिथे जाऊन आले. मे २०२३मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने राज्याच्या आरोग्य खात्याशी करार केला: खटले थांबवायचे, घराघरांची पाहणी करायची, सुधारणेचा आराखडा करायचा. एप्रिल २०२५मध्ये नव्या सरकारने तो करार संपवला.

या प्रकरणातून मी दोन गोष्टी घेतो. पहिली म्हणजे दंडाची भीती दाखवून टाक्या सुधारत नाहीत, जमीन आणि उत्पन्न दोन्ही प्रतिकूल असताना तर नाहीच. दुसरी जास्त महत्त्वाची. एका करारावर, एका सरकारच्या इच्छेवर उभे असलेले काम ते सरकार गेले की बंद पडते. टाक्या भरत राहण्याचे काही थांबत नाही.

जमिनीचा मुद्दा इथे थोडा रेंगाळून मांडायला हवा, कारण सरकारी योजना नेमकी तिथेच चुकते. योजनेला एक नकाशा हवा असतो, एक अंदाजपत्रक हवे असते, सगळीकडे एकच. पण चिकणमातीत पाणी मुरत नाही, भेगाळलेल्या खडकात ते इतक्या वेगाने मुरते की स्वच्छ व्हायला वेळच मिळत नाही, आणि पावसाळ्यात भूजल वर येणाऱ्या सखल भागात शोषखड्डा थेट भूजलातच बुडतो. तिन्ही ठिकाणी एकाच मापाच्या टाक्या बांधल्या तर तिन्ही ठिकाणी त्या तीन वेगळ्या कारणांनी फसतात. भारतीय मानक २४७० सेप्टिक टँकचे किमान माप सांगते आणि शोषणव्यवस्था पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किती दूर हवी हेही सांगते. ते अंतर राखायला जागा नसलेल्या दाट गावठाणात काय करायचे, हा निर्णय मात्र कोणीतरी जागेवर जाऊन घ्यायचा असतो. मातीत पाणी मुरण्याचा वेग तपासणे, भूजलाची पावसाळ्यातली पातळी पाहणे, विहिरी आणि टाक्या एकाच नकाशावर मांडणे, ही कामे योजनेच्या पहिल्या वर्षात आणि योजनेच्याच पैशातून व्हायला हवीत. त्यासाठी तरतूद मागितली की ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून तिला कात्री लागते. माझ्या मते सगळ्या योजनेत यापेक्षा जास्त परतावा देणारा खर्च दुसरा नाही.

आता अनुदान देण्याच्या पद्धतीकडे वळतो. आयर्लंडमध्ये सुमारे पाच लाख घरे स्वतःच्या टाकीवर अवलंबून आहेत. २००९मध्ये युरोपीय न्यायालयाने ठरवले की या देशाने घरगुती सांडपाण्याबाबतचे युरोपीय नियम पाळलेले नाहीत. २०१२मध्ये कायदा करून टाक्यांची नोंदणी सक्तीची करावी लागली, आणि तरीही उशीर झाल्याबद्दल त्याच वर्षीच्या डिसेंबरात २० लाख युरो दंड भरावा लागला. कॅव्हन या एकाच परगण्याने आधीच स्वतःचे नियम केलेले होते, म्हणून तो या ठपक्यातून सुटला. नोंदणीला गावागावांतून कडवा विरोध झाला. लोकांना वाटले की हा नवा कर आहे आणि तपासनीस दाराशी येऊन हजारोंचा खर्च गळ्यात मारणार.

दुरुस्तीसाठी अनुदान ठेवले गेले, पण सुरुवातीला ते कुणाला? ज्याची टाकी सरकारी तपासणीत नापास ठरली त्याला. स्वतःहून टाकी उघडून पाहणारा, दोष सापडल्यावर दुरुस्तीला तयार असणारा माणूस अपात्र. तपासण्या वर्षाला हजार-बाराशे. धोक्याच्या जागा निवडून त्या केल्या जातात हे खरे आहे, तरीही या गतीने प्रत्येक टाकीपर्यंत पोचायला चारशेहून जास्त वर्षे लागतील. तपासलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास टाक्या नापास होत राहिल्या. पुढे पात्रतेच्या अटी काही प्रमाणात सैल झाल्या आणि २०२४पासून अनुदानाची कमाल मर्यादा १२,००० युरोंवर नेण्यात आली, हे चांगलेच झाले. पण प्रामाणिक माणसाने तपासनिसाची वाट पाहत बसावे, अशी रचना करणारी योजना लोकांचा विश्वास गमावते. गेलेला विश्वास नंतर रक्कम वाढवून लगेच परत येत नाही.

भारतातही अनुदानाचे लक्ष बांधकामावरच राहिले. २ ऑक्टोबर २०१४ला सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानात ग्रामीण भागात पात्र कुटुंबाला शौचालयासाठी १२,००० रुपये प्रोत्साहनपर मिळत होते आणि पाच वर्षांत दहा कोटींहून अधिक शौचालये बांधली गेली. उघड्यावर जावे लागणाऱ्या बायकांच्या आयुष्यात यामुळे जो फरक पडला तो कमी लेखणे अन्यायाचे होईल. शिफारस दोन शोषखड्ड्यांची होती: एक भरला की दुसरा वापरायचा, पहिला वर्ष-दीड वर्ष बंद ठेवला की त्यातल्या मैल्याचे निर्धोक खत होते. ही पद्धत खरोखर शहाणपणाची आहे, तिला गाडीही लागत नाही आणि केंद्रही लागत नाही. पण अनेक कुटुंबांनी एकच मोठा खड्डा किंवा टाकी पसंत केली, कारण मोठी टाकी ‘कधीच भरत नाही’ ही समजूत पक्की होती आणि पुन्हा खड्ड्याला हात लावण्याची कल्पनाच नकोशी होती. त्या टाक्या आता भरत आल्या आहेत. अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात मैलागाळ व्यवस्थापनाचा समावेश झाला आणि पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठी राखून ठेवला, म्हणजे पैशाला वाट आहे. वाट आहे म्हणून गाडी येतेच असे नाही.

गाडी ठरल्या वेळी येण्याची व्यवस्था लावता येते, हे वाई आणि सिन्नर या दोन गावांनी दाखवले. २०११मध्ये वाईची लोकसंख्या ३६ हजारांच्या आसपास होती, सिन्नरची ६५ हजारांच्या. दोन्ही नगरपरिषदांनी अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या चमूच्या मदतीने २०१८मध्ये नियोजित उपसा सुरू केला. आधी टाकी तुंबली की घरमालक गाडी बोलवायचा, पैसे मोजायचा, आणि बरेचदा ही वेळ आठ-दहा वर्षांनी यायची. नव्या पद्धतीत गावाचे भाग पाडले, प्रत्येक टाकीची पाळी तीन वर्षांतून एकदा ठरवली, काम खासगी ठेकेदाराला दिले आणि पैसे घरोघरी न घेता स्थानिक करांतून उभे केले. ठेकेदाराला मोबदला प्रत्यक्ष उपसलेल्या टाक्यांवर, आणि गाळ प्रक्रिया केंद्रात पोचवल्यावर. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट ही वाटते की घरमालकाला काही ठरवावेच लागत नाही. त्याला टाकी आठवण्याची गरज नाही, गाडी शोधण्याची नाही, घासाघीस करण्याची नाही. पाळी आली की गाडी येते.

उलट दिशेने गेल्यावर काय होते ते मलेशियात दिसले. तिथे राष्ट्रीय पातळीवरच्या मलनिस्सारण कंपनीकडे ठरावीक काळाने टाक्या उपसण्याचे काम होते. २००८पासून नव्या कायद्यानुसार ती सक्ती गेली आणि गाळ मागणीप्रमाणे उपसायचा असे ठरले. मागणी घसरली. टाक्या होत्या, गाड्या होत्या, माणसे होती, केंद्रे होती, फक्त बोलावणे येईना. पुढे टप्प्याटप्प्याने पुन्हा ठरावीक उपशाकडे वळावे लागले. ‘लोकांमध्ये जागृती करा, ते स्वतः गाडी बोलावतील’ असे म्हणणाऱ्यांनी हा अनुभव जरूर तपासावा. डोळ्यांआड असलेल्या, त्रास न देणाऱ्या वस्तूवर खर्च करायला माणूस आपणहून तयार होत नाही. यात त्याचा अडाणीपणा नाही. मध्यमवर्गीय, सुशिक्षित घरांतही हेच घडते.

गाळ उपसून झाला तरी काम संपत नाही. टाकीतला गाळ साध्या सांडपाण्यापेक्षा कितीतरी पटींनी तीव्र असतो, आणि प्रक्रिया केंद्र जवळ नसेल तर चालकाला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे जवळचा ओढा किंवा पडीक रान. मग शंभर घरांचा थोडा थोडा मैला एकाच ठिकाणी, एकदम पाण्यात जातो, आणि टाक्या उपसण्याची मोहीम टाक्या न उपसण्यापेक्षाही घातक ठरते. लहान वस्तीला स्वतंत्र केंद्र परवडत नाही हे मान्य आहे. त्यामुळे आठ-दहा वस्त्यांनी मिळून एक केंद्र, किंवा जवळच्या शहराच्या केंद्रात गाळ घेण्याचा करार, हे आधी ठरले पाहिजे आणि नव्या टाक्यांचे कार्यादेश नंतर निघाले पाहिजेत. सहसा क्रम उलटा असतो.

आणि टाकीपाशी उभ्या असलेल्या माणसाचे काय? बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठतात. आत उतरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. भारतात २०१३च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटारे आणि टाक्या साफ करून घेण्यावर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवली आणि २०२३मध्ये ती ३० लाखांवर नेली. मृत्यू थांबलेले नाहीत. मरणारे जवळपास नेहमी त्याच जातींतले, ज्यांच्यावर हे काम पिढ्यान्‌पिढ्या लादले गेले. ऐन वेळी तुंबलेली टाकी, घाबरलेले घर आणि मिळेल त्या पैशात तयार होणारा मजूर, अशा गाठीत हे मृत्यू घडतात. नियोजित उपशात गाळ घट्ट होण्याआधीच यंत्र येते, प्रशिक्षित माणसे येतात, उतरण्याची वेळच येत नाही. पण त्यासाठी टाकीला नीट उघडणारे झाकण हवे आणि गाडीचा पाइप तिथवर पोचायला हवा. कितीतरी टाक्यांचे झाकण फरशीखाली गाडलेले असते, किंवा टाकीवरच खोली बांधलेली असते. जुन्या टाक्यांना झाकणे बसवणे हे कुणाला दाखवण्यासारखे काम नाही. तरी निधीतला पहिला हप्ता त्यावर खर्च व्हावा असे मी म्हणेन, कारण तो थेट माणसाच्या जिवाशी जोडलेला आहे.

जबाबदारी कुणाची या प्रश्नाला सर्वांत नेटके उत्तर जपानने शोधले. तिथे विखुरलेल्या घरांसाठी ‘जोकासो’ नावाचे घरगुती प्रक्रिया संयंत्र वापरतात. १९८३मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. बांधणाऱ्याला, देखभाल करणाऱ्याला परवाना, वर्षातून एकदा उपसा, वर्षातून एकदा त्रयस्थ तपासणी. १९८७पासून राष्ट्रीय अनुदान सुरू झाले. १९९४पासून आणखी एक पर्याय आला: संयंत्र खासगी जागेत, पण मालकी आणि देखभाल नगरपालिकेची, घराने दरमहा शुल्क भरायचे. केवळ शौचालयाचे पाणी घेणाऱ्या जुन्या प्रकाराची नवी उभारणी २००१पासून बंद केली. इतके करूनही वार्षिक त्रयस्थ तपासणीचे प्रमाण देशभरात वर्षानुवर्षे निम्म्याच्या खाली राहिले. मला ही आकडेवारी निराश करत नाही. इतक्या शिस्तीच्या कायद्यातही घरमालकावर सोडलेला भाग मागे पडतो, हे तिच्यातून कळते. त्यामुळे नगरपालिकेच्या मालकीचा पर्याय मला जास्त पटतो.

खासगी अंगणात सार्वजनिक मालकी म्हणजे सरकारचा घरात शिरकाव, अशी भीती काहींना वाटेल. वीजमीटर घराच्या भिंतीवर असतो आणि तो पाहायला येणाऱ्याला आपण आत घेतो. त्याच्या येण्याचा दिवस ठरलेला असेल, ओळखपत्र असेल आणि त्याच्या हातात दंडाची पावती नसेल तर टाकी पाहायला येणाऱ्यालाही लोक अडवणार नाहीत. पहिली काही वर्षे तपासणीतून दंड होणार नाही, फक्त दुरुस्ती होईल, हे लेखी द्यावे. आयर्लंडमधला रोष बऱ्याच अंशी यानेच टळला असता.

पैशाचा हिशेब शेवटी आला तरी तो मोकळेपणाने मांडायला हवा. फुकट सेवा मी मागत नाही. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याने २००४पासून चेसापीक उपसागर स्वच्छ करण्यासाठी शुल्क लावले. ते गटाराशी जोडलेल्या घरांनाही आहे आणि टाकीवर असलेल्या घरांनाही. २०१२मध्ये बहुतेक घरांसाठी ते वर्षाला ६० डॉलर झाले. टाकीवाल्या घरांच्या शुल्कातून नत्र काढणाऱ्या सुधारित व्यवस्थेसाठी अनुदान मिळते, आणि ती बसवणाऱ्याला तिची नियमित देखभाल बंधनकारक असते. पाणी एकच आहे म्हणून सगळे भरतात, ही भूमिका मला योग्य वाटते. लहान वस्तीत घरपट्टीबरोबर थोडी वार्षिक रक्कम घ्यावी, ती वेगळ्या खात्यात ठेवावी, आणि ज्या घरांना तीही जड आहे त्यांचा वाटा राज्याने भरावा. आधी स्वतःच्या पैशाने बांधा, मग परतावा मिळेल, ही अट सर्वांत गरीब कुटुंबाला बाहेर ठेवते. त्या कुटुंबासाठी ठेकेदाराला थेट पैसे द्यावेत. ज्यांनी पूर्वी स्वखर्चाने टाकी नीट ठेवली त्यांना पहिल्या फेरीचे शुल्क माफ करावे, म्हणजे निष्काळजीपणाला बक्षीस मिळाले अशी सल राहणार नाही.

आणि निधी देणाऱ्याने शेवटचा हप्ता बांधकाम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सोडू नये. उपशाची पहिली फेरी पूर्ण होईपर्यंत, साधारण तीन वर्षे, तो राखून ठेवावा. तो सोडताना किती टाक्या उपसल्या, किती गाळ केंद्रात पोचला, आणि वस्तीतल्या ठरवलेल्या विहिरींमध्ये नायट्रेट आणि विष्ठेतल्या जिवाणूंचे प्रमाण दोन पावसाळ्यांनंतर किती होते, एवढे कागद मागावेत. हे कागद ग्रामसभेत वाचून दाखवावेत, ज्या घरांच्या विहिरी आहेत त्यांच्या समोर.